बालकलाकारानं मोठं झाल्यावर दोन सीन केले तर काय बिघडलं?

पार्कचौकवाला:
अकलूजच्या रिंकू राजगुरूनं 'सैराट' (२०१६) केला तेव्हा ती शाळेत होती. पुढं 'झुंड'मध्ये (२०२२) तिचं काम थोडंच होतं, तर आपल्याकडं लगेच सुरू, "संपलं की हिचं." काय संपलं? लहानपणी एका पिक्चरनं डोक्यावर घेतलं म्हणून जन्मभर पोस्टरवर मोठाच फोटो पाहिजे का? शशिकला मूळच्या सोलापूरच्या, लहानपणापासून स्टेजवर. सिनेमात सुरुवात 'झीनत'मधल्या (१९४५) कव्वालीत, घोळक्यातली एक म्हणून. 'आरती' आणि 'गुमराह'साठी फिल्मफेअर मिळाले तेही सहाय्यक अभिनेत्रीचेच. नायिका नव्हत्या म्हणून कोण विसरलं?

नवीपेठ_कट्टा:
मालक, उदाहरण उलटं दिलंत. शशिकलाबाई खालून वर गेल्या. इथं प्रश्न वरून खाली येणाऱ्यांचा आहे. 'कुछ कुछ होता है'मधली छोटी अंजली म्हणजे सना सईद, 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये (२०१२) दिसली. लोक काय बोलले? "अरे, ती छोटी अंजली केवढी झाली!" काम कसं केलं ते कुणी विचारलं? निर्माता असल्या वेळी कलाकार घेत नाही, जुनी आठवण घेतो, तीही स्वस्तात.

जेऊर_स्टेशन:
तुमी दोघं मुंबईत पोचलेल्यांचं बोलताय. आमच्या करमाळा तालुक्यात या. 'फँड्री'साठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार केमच्या सोमनाथ अवघडेला मिळाला. (त्याचं पुढचं त्याला ठाऊक, मी गावाकडच्या पोरांचं एकूण सांगतोय.) मुंबईतल्या माणसाला दोन सीन म्हणजे लोकल धरून जायचं, रात्री घरी जेवायला. इथल्या पोरानं ऑडिशनला जायचं तर कुर्डुवाडीला रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं आणि ऐकायचं काय, "कळवतो." शूटिंग दोन दिवसांचं, खोलीचं भाडं महिन्याचं. मान-अपमान नंतर, परवडतंय का ते आधी बघा.

नवीपेठ_कट्टा:
तेच तर. ज्याला परवडत नाही त्याला 'नाही' पण म्हणता येत नाही. मग ही निवड कसली?

पार्कचौकवाला:
मग मोठी भूमिका येईपर्यंत घरात बसायचं काय? 'मासूम'चा जुगल हंसराज 'मोहब्बतें'नंतर छोटी कामं करत राहिला आणि २००८ मध्ये 'रोडसाइड रोमिओ' दिग्दर्शित केला. 'बूट पॉलिश'मधली (१९५४) बेबी नाझ मोठेपणी दुय्यम भूमिका करायची, पुढं श्रीदेवीला हिंदीत आवाज दिला. माणूस धंद्यात टिकला की चार वाटा दिसतात.

नवीपेठ_कट्टा:
बेबी नाझ काढून माझंच काम सोपं केलंत. जिच्या कामाचं कौतुक फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात झालं, तिचा आवाज घेतला आणि चेहरा दुसरीचा लावला. ह्याला वाट म्हणता?

पार्कचौकवाला:
पगार म्हणतो. घर त्यावर चालतं. तुमच्या कीव करण्यावर नाही चालत.

हुतात्माबाग_सोलापूर:
माझी लेक बालनाट्यात काम करते म्हणून हे नियम वाचून काढले. बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम सांगतात: मुलाकडून दिवसात पाच तासांच्या वर काम नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेव. सज्ञान झाल्यावर गाठीला पैसा असेल तर दोन सीन करायचे की शिकायचं, हे पोर स्वतः ठरवेल. तुमी सगळे निर्मात्याला धरून बसलाय. उरलेले ८० टक्के कुठं गेले ते आई-बापाला कोण विचारणार?

जेऊर_स्टेशन:
ताई, आमच्याकडं ते गावच्या शेती सोसायटीच्या कर्जात जातात, विचारायची गरजच नाही. आणि २० टक्के कशाचे? नवख्या पोराच्या हातात पहिल्या पिक्चरला किती ठेवतात, ते कुणीतरी सांगा की आधी.