विरोधाभास वाळवंटातच आहे

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की वाळवंटावर लिहिणारे उपरोध वापरतात तो केवळ वाचक धरून ठेवायला. थोडा असहमत. कांगारू उंदराचंच घ्या. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला हा प्राणी जवळजवळ आयुष्यभर पाणी पीत नाही. कोरड्या बिया खातो, त्या पचवताना शरीरातच जे पाणी तयार होतं त्यावर भागवतो. लघवी अतिशय घट्ट, दिवसभर बिळात, बाहेर फक्त रात्री. आणि इतक्या काटकसरीने जमवलेलं हे पाणी जातं कुठे? किट फॉक्स नावाच्या छोट्या कोल्ह्याच्या पोटात! त्यालाही उघड्यावरचं पाणी लागत नाही, शिकारीच्या अंगातलं पुरतं. इथे लेखकाने काय उपरोध घालायचा? नुसतं क्रमाने सांगितलं तरी पुरे.

अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरा वाळवंटातला स्पेडफूट बेडूकही तसाच. वर्षातला बराचसा काळ जमिनीखाली, पाऊस आला की वर. डबकं आटायच्या आत पिल्लांना बेडूक व्हायचं असतं, कधीकधी दहा दिवसांच्या आत. म्हणजे पाण्यातच जन्मलेल्याला पाणी संपण्याची घाई.

उपरोध बिघडतो तो लेखक प्राण्याला शहाणा किंवा बावळट ठरवायला लागला की. 'बिचारा उंदीर, काय त्याचं नशीब' छापाची वाक्यं मला तरी नकोशी होतात. उंदराला नशिबाची कल्पना नाही. उलट वाळवंटाला 'निर्जीव' म्हणत तिथे रस्ते आणि खाणी काढणाऱ्या माणसावर तोच उपरोध वापरला तर मात्र तो नेमका बसतो.