कॉम्प्युटर दुरून ‘चालू करणे’, ‘लावणे’ की ‘उठवणे’?

डिचोली (प्रश्न)
आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबसाठी मराठीत सूचनापत्र करतेय. मुलं प्रार्थनेला उभी असतानाच ऑफिसमधल्या एका मशीनवरून लॅबमधली सगळी मशीन्स चालू करायची सोय आता झाली आहे. तिला वेक-ऑन-लॅन म्हणतात (लॅन म्हणजे एका जागेतल्या मशीन्सना जोडणारं नेटवर्क). नव्या शिपायाला आणि बाकीच्या शिक्षकांना वाचताक्षणी कळायला हवं. मी ‘दूरस्थ संगणक प्रारंभ’ असं लिहिलं होतं. हेडसरांनी वाचून विचारलं, “हे कुठल्या खात्याचं परिपत्रक?” चालू करणे, सुरू करणे, लावणे, जागवणे, उठवणे, यांतलं कुठलं घेऊ?

फोंडा
हेडसरांचं चुकलं नाही. दूरस्थ म्हणजे दूर असलेला. दूरस्थ शिक्षण ठीक, दूरस्थ संगणकही ठीक, पण ‘दूरस्थ प्रारंभ’ मध्ये दूर कोण बसलंय? प्रारंभ? तिथे साधं ‘दुरून’ हवं.

‘लावणे’ घरात उत्तम. टीव्ही लाव, पंखा लाव, तिन्हीसांजेला दिवा लाव. पण ‘सकाळी लॅबमधले कॉम्प्युटर लावावेत’ असं वाचून तुमचा शिपाई ते टेबलांवर ओळीने मांडून मोकळा होईल. आणि गाडी लावणे म्हणजे तर ती बंद करूनच उतरणे. माझं मत ‘दुरून चालू करणे’. कुणालाही कळतं.

म्हापसा
मी नेटवर्किंगची कामं करतो. आमच्यात कोणी ‘चालू केला का’ म्हणत नाही, ‘सर्व्हर उठला का रे?’ असंच विचारतात. आणि त्याला कारण आहे.

आपण ज्याला बंद म्हणतो तो कॉम्प्युटर पुरता बंद नसतोच. संध्याकाळी लॅबचे दिवे मालवून एखाद्या कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. लॅन केबल खोचलेली असते तिथे बारीक हिरवा नाहीतर नारिंगी दिवा दिसेल. मशीन बंद असतानाही पॉवर सप्लाय ५ व्होल्टची एक वेगळी लाइन चालू ठेवतो आणि नेटवर्क कार्ड तिच्यावर जागं राहतं. त्याचं काम एवढंच, की केबलवरच्या गर्दीत कोणी आपलं नाव घेतंय का ते ऐकायचं. नाव म्हणजे मॅक पत्ता, प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक. ऑफिसमधलं मशीन जे पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पुडकं, सोडतं त्यात आधी सुरुवातीची खूण म्हणून ६ बाइट नुसते एफएफ, मग तोच ६ बाइटचा पत्ता लागोपाठ १६ वेळा. एकूण १०२ बाइट. पॅकेट पोचतं सगळ्यांकडे, उठतं फक्त ज्याचं नाव घेतलं ते. सोळा आणे काम.

म्हणून ‘उठवणे’. मेलेल्याला कोण उठवणार? भिंतीवरचा स्विच बंद असला की ती ५ व्होल्टची लाइनही गेली, मग कितीही पॅकेट सोडा. ‘चालू करणे’ म्हटलं की हा फरक झाकला जातो आणि शिपाईबाबा रोज संध्याकाळी शिस्तीत सगळे स्विच खाली करून घरी जातात. हे मी पाहिलंय, तुमच्याकडे नाही, पण पाहिलंय.

आणखी एक. पत्रकात ‘आदेश देणे’ नको. या पॅकेटला उलट उत्तर नसतं. मशीन उठलं की नाही हे सोडणाऱ्याला कळत नाही, पिंग करून (म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का’ विचारून) बघा नाहीतर लॅबमध्ये डोकवा. आदेशाची पोच मिळते, हाकेला ओ मिळेलच असं नाही. तेव्हा ‘हाक’ म्हणा.

पणजी
‘हाक’ मला पसंत आहे. ‘उठवणे’बद्दल सावध राहा, त्याचं कर्म बदललं की अर्थ पार फिरतो. वावड्या उठवतात, शिक्का उठवतात, बंदी उठवतात आणि एखाद्याचा बाजारही उठवतात. ‘आज सकाळी ८ वाजता लॅब उठवली’ असं नोटीस बोर्डावर लागलं, तर पालक विचारायला येतील की लॅब हलवली कुठे. ‘मशीन उठवले’ म्हणा, ‘लॅब उठवली’ कधीच नाही.

‘जागवणे’ तर काढूनच टाका. जागवतात ती रात्र आणि आठवणी. त्यातून गोव्यात ‘जागर’ म्हटलं की रात्रभराचं लोकनाट्य डोळ्यांपुढे येतं. ‘जागं करणे’ चालेल, पण झोपलेल्यालाच.

पुढे-मागे कोणी ‘जादुई पॅकेट’ करायच्या आत सांगून ठेवतो. या हाकेच्या पॅकेटचं मॅजिक पॅकेट हे चिप बनवणाऱ्या एएमडीने ठेवलेलं नाव आहे, १९९५ मध्ये एचपीच्या जोडीने त्यांनी ही रीत मांडली. वेक-ऑन-लॅन हे नाव १९९७ मध्ये इंटेल आणि आयबीएमच्या जोडीने पुढे आणलं. पहिलं विशेषनाम आहे, ते तसंच देवनागरीत लिहावं. बोलताना हाक, कागदावर मॅजिक पॅकेट.

फोंडा
झोपलेल्यालाच जागं करतात हे मान्य. पण मग शट डाउन केलेलं मशीन झोपलेलं की बंद? इथे माझा ‘चालू करणे’च बसतो.

म्हापसा
हा प्रश्न खुद्द विंडोजलाही सुटलेला नाही. स्लीप आणि हायबरनेट या दोन अवस्थांतून हाक ऐकण्याची सोय विंडोज अधिकृतपणे देतं. शट डाउननंतर उठतं ते मदरबोर्ड आणि कार्डाच्या ड्रायव्हरच्या मर्जीने. त्यात विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. शट डाउन दाबलं की मशीन खरं बंद होत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवून निजल्यासारखं करतं, आणि नेमकं तेव्हा हाकेला दाद देत नाही. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण जणू याच्यासाठीच केली असावी. फास्ट स्टार्टअप बंद करा, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वेक-ऑन-लॅन चालू करा, आणि तिथेच ईआरपी नावाची वीजबचत असेल तर ती बंद करा. ती चालू असली की कार्डाची वीजही तोडते.

म्हणून म्हणतो, झोपलेलं आणि बंद या दोघांनाही चालणारा शब्द ‘उठवणे’च.

पेडणे
मी मधूनच विचारतो. पावसात पणजीला जाणं जिवावर येतं. घरून ऑफिसचं मशीन असंच हाक मारून उठवता येईल?

म्हापसा
सरळ नाही. नावातच लॅन आहे. ही हाक एका राउटरच्या आतल्यांना ऐकू जाते, राउटर ती पुढे जाऊ देत नाही. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खाजगी वाटेने) शिरा आणि तिथे कायम चालू असलेल्या एखाद्या यंत्राला, रास्पबेरी पायसारखं छोटं चालेल, तुमच्या वतीने हाक मारायला सांगा. काही राउटरमध्ये त्यासाठी बटणही असतं. राउटरवर पोर्ट उघडून बाहेरून पॅकेट ढकलायचा सल्ला कुठेतरी वाचाल, तो घेऊ नका.

थोडक्यात, आपण इतका वेळ ज्या ‘दुरून’वर खूश आहोत ते ‘दुरून’ पलीकडच्या खोलीतून इतकंच आहे.

डिचोली
सगळ्यांचे आभार. ‘उठवणे’ आणि ‘हाक’ घेते. पण एक अडचण राहिली. दोन मशीन्स रात्री आपोआप चालू होतात. वॉचमन देवचाराचं नाव घेऊन लॅबकडे फिरकत नाही. पत्रकात ‘आपोआप उठतात’ लिहू?

पणजी
उठतात आणि उठवली जातात यात फरक आहे. हा कर्ता शोधून मगच लिहा.

म्हापसा
कर्ता सापडेल. सकाळी त्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लास्टवेक (powercfg /lastwake) ही आज्ञा चालवा, कोणी उठवलं ते बहुतेक वेळा सांगते. नेटवर्क कार्ड निघालं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा. फक्त मॅजिक पॅकेटनेच उठवायचं अशी एक चौकट असते, तिच्यावर खूण करा. ती खूण नसली की इतर फुटकळ पॅकेटनेही मशीन जागं होऊ शकतं. देवचार बिचारा निर्दोष.

डिचोली
मसुदा असा झालाय:
‘सकाळी ऑफिसमधून हाक मारून लॅबमधली मशीन्स उठवली जातात. संध्याकाळी मशीन बंद करावे, भिंतीवरचा स्विच बंद करू नये. वीज जाऊन आली, तर काही मशीन्स हाकेला ओ देत नाहीत; ती एकदा हाताने बटण दाबून चालू करावीत. विजा कडाडत असल्यास स्विच बंद करून केबल काढून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगावे.’

फोंडा
हरलो. ‘हाताने चालू करावीत’ तेवढं माझं राहिलं, पुरे.

म्हापसा
वीज गेल्यावरची अडचण बायोसमधून कमी होते. वीज परत आल्यावर काय करायचं अशी एक सेटिंग असते, तिथे ‘चालू हो’ निवडलं की मशीन हाकेची वाट न बघता स्वतःच सुरू होतं. जूनपासून लायट दिवसातून कितीदा जाते बघता, सुट्टीच्या दिवशीही मशीन्स उगाच चालू राहतील, तो हिशेब तुम्ही करा.

आणि ताई, स्विचचं वाक्य सगळ्यात वर घ्या, ठळक. शिपाई पहिली ओळ वाचतात, पुढचं कोणी वाचत नाही.