मे महिन्यात मुंबईहून केनिया-टांझानिया: सासूबाई, मुलगी आणि शाकाहार सांभाळून जमेल का?

ठाकुर्ली७७
येत्या मे महिन्यात दहा दिवस केनिया आणि टांझानियाला जायचा बेत आहे. आम्ही दोघं, ६६ वर्षांच्या सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. सगळे शाकाहारी, अंडंही चालत नाही. नकाशावर केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी ही अभयारण्यं लागूनच दिसतात, म्हणजे एकाच गाडीने दोन्ही होतील असं वाटतंय. मे महिना कसा असतो? पीतज्वराची लस घ्यावीच लागते का? एजंट म्हणतो, केनियात कुणी विचारत नाही. आणि सासूबाईंच्या जेवणाचं कसं करायचं?

चिंचपोकळीकर
आधी लसीचं बघा, कारण तिची तारीख चुकली तर बाकीचं सगळं हुकतं.

एजंट सांगतोय ते अर्धंच खरं आहे. मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्याकडे केनिया पिवळं कार्ड (पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला) मागत नाही, कारण भारतात पीतज्वर नाही. पण केनियातून टांझानियात शिरताना ते मागतात, आणि खरी गाठ पडते ती परत आल्यावर मुंबईच्या सहार विमानतळावर. हा आजार पसरवणारा एडीस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, मुंबईत घरोघरी आहे. विषाणू तेवढा आलेला नाही. म्हणून केनिया, युगांडा, इथिओपियासारख्या देशांतून सहा दिवसांच्या आत आलेल्या प्रवाशाकडे वैध कार्ड नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत अलगीकरणात ठेवायचा आपल्या सरकारचा नियम आहे.

कार्ड वैध होतं ते लस टोचल्यापासून दहा दिवसांनी. ५ मेचं विमान असेल तर २५ एप्रिल ही शेवटची तारीख, आणि शेवटच्या तारखेवर राहू नका. मुंबईत विमानतळाच्या आरोग्य कार्यालयात सहारला आणि बंदर आरोग्य विभागात लस मिळते. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि औषध कालवलं की सहा तासांत संपवावं लागतं. म्हणून वार ठरलेले आणि नंबर मोजके. एप्रिल-मेमध्ये ते लवकर भरतात, तेव्हा मार्चमध्येच उरकून घ्या. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं.

मूळ पासपोर्ट न्या. कार्डावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख, बॅच नंबर, सही आणि शिक्का हे सगळं खिडकीपाशीच तपासा. पासपोर्टच्या क्रमांकातला एक आकडा चुकला तरी सीमेवर कार्ड नाकारू शकतात.

सासूबाईंबद्दल मात्र घाई नको. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर त्रास क्वचितच होतो, पण तरुणांपेक्षा जास्त वेळा होतो. मोठ्या मात्रेत स्टिरॉइड चालू असतील, केमो झाली असेल किंवा थायमस ग्रंथीचा आजार असेल तर लस देत नाहीत. आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी नको म्हटलं तर सवलतीचं पत्र मिळतं, पण त्या पत्रावर परतीचं अलगीकरण टळेलच असं धरून चालू नका. आणखी एक, लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. तुमच्याकडे अंडं चालत नाही, म्हणून त्यांना हे आधी सांगितलेलं बरं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

रानवाटा
मारा आणि सेरेंगेटी लागून आहेत हे खरं, पण मधली हद्द प्राण्यांना मोकळी आणि पर्यटकांच्या गाड्यांना बंद. पलीकडे जायचं तर पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा, नाहीतर नैरोबीला परत येऊन नमांगाच्या नाक्यावरून टांझानियातलं अरुशा. त्यात केनियाची सफारीची गाडी टांझानियाच्या उद्यानांत चालत नाही, नाक्यावर सामानासकट गाडी बदलावी लागते. अख्खा दिवस जातो. दहा दिवसांत लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना एकच देश धरा.

आता मे. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस, स्वाहिलीत ‘मसिका’. पावसापेक्षा चिखलाचा त्रास जास्त. माऱ्यातली बरीच जमीन आपल्या वऱ्हाडातल्या कापसाच्या काळ्या मातीच्याच जातीची आहे. ओली झाली की टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग ब्रेक दाबला की गाडी आडवी घसरते, आणि ॲक्सिलरेटर दिला की चाक जागच्या जागी फिरत खाली रुतत जातं. छत उघडणाऱ्या साध्या व्हॅनची दोनच चाकं ओढतात, ती हमखास बसते. मे महिन्यात जाणार असाल तर चारही चाकं ओढणारी लँड क्रूझरच हवी, प्रत्येकाला खिडकी हवी, आणि हे बुकिंगमध्ये लिहून घ्या. ‘सफारी व्हेइकल’ एवढंच लिहिलं असेल तर व्हॅन येते.

नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळपही मेमध्ये माऱ्यात नसतात, ते तेव्हा टांझानियात असतात. माऱ्यातलं ते दृश्य साधारण जुलै ते ऑक्टोबरचं. सिंह, हत्ती, जिराफ वर्षभर आहेतच.

मेमध्ये खर्च मात्र वाचतो. २०२४च्या दरांनुसार माऱ्याचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला १०० डॉलर आणि जुलैपासून २०० डॉलर. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६. आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी १० पर्यंत फाटकाबाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. एजंटने शेवटच्या दिवशी ‘सकाळची सफारी, नंतर नाश्ता, मग प्रस्थान’ असं लिहिलं असेल तर वेळेचा हिशेब विचारा. फाटकापर्यंतच दीड तास लागू शकतो.

ठाकुर्ली७७
दोघांचेही आभार, टांझानिया रद्द. मुलीची शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बुडवता येणार नाही. मे धरूनच दुसरा देश सुचेल का? की दिवाळीत जावं?

रानवाटा
दिवाळीत चालेल. तेव्हा ‘वुली’ म्हणजे छोटा पाऊस सुरू होत असतो. सर येते आणि जाते, मेइतका चिखल नसतो.

मे हवाच असेल तर दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान बघा. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, मेपर्यंत गवत वाळून खाली बसतं आणि प्राणी पाणवठ्यांशी जमू लागतात. मुख्य रस्ते डांबरी, गाडी आपल्यासारखी डावीकडून, वेगमर्यादा डांबरीवर ५० आणि कच्च्यावर ४०. स्कुकुझा, लोअर साबी, साटारा अशा कॅम्पांत स्वयंपाकाची सोय असलेली घरं मिळतात, म्हणजे सासूबाईंचा वरणभात स्वतःच्या कुकरमध्ये होईल. तुमच्यासाठी मला हेच सगळ्यात योग्य वाटतं. व्हिसा मात्र आधी काढून ठेवावा लागतो, आणि मुलीचा आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला हाताशी ठेवा. विमान आखाती देशांतून घ्या. अदिस अबाबा किंवा नैरोबीत १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिकाही पिवळं कार्ड मागते.

दुर्बीण८
जेवण आणि सामानाचं सांगते, दिवाळीत केनिया ठरलं तर उपयोगी पडेल.

‘शाकाहारी’ म्हटलं की बऱ्याच स्वयंपाकघरांत त्याच भांड्यातले मांसाचे तुकडे बाजूला काढून रस्सा वाढतात. म्हणून तुकडा नको एवढं सांगून भागत नाही. ‘सिली न्यामा’ म्हणजे मी मांस खात नाही, ‘बिला मायाई’ म्हणजे अंडं नको, आणि ‘म्चुझी’ म्हणजे रस्सा. तो कशात शिजवलाय ते वेगळं विचारा. महारागे (राजम्यासारखी उसळ), गिथेरी (मका आणि घेवडा), सुकुमा विकी ही पालेभाजी आणि चपाती जवळपास सगळीकडे मिळते. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, पण ती तेल लावून पदर काढलेली, जड असते. नैरोबीच्या पार्कलँड्स भागात गुजराती वस्ती जुनी आहे, तिथे शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. माऱ्याकडे निघण्याआधी पहिल्या दिवसाचा डबा तिथूनच घ्या.

केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. चिवडा, भाकरवडी, मेतकूट डब्यात भरा, चपला कापडी पिशवीत. किराण्याच्या दुकानातली एकही पिशवी बॅगेत राहू देऊ नका. मेमध्ये गेलात तर कुठल्याही देशात हापूसची पेटी नेऊ नका. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, नसेल तर विमानतळावरच काढून घेतात.

माऱ्याला छोट्या विमानाने जाणार असाल तर माणशी १५ किलो, हँडबॅग धरून, आणि बॅग मऊ हवी. कडक ट्रॉली त्या विमानाच्या पोटात मावत नाही. केनियात प्लग चपट्या तीन पिनांचा. दक्षिण आफ्रिकेत मात्र आपल्या गिझरसारखा जाड गोल पिनांचा.

हिवतापाच्या गोळ्या क्रूगरसाठीही डॉक्टरांना विचारा. आफ्रिकेतल्या फाल्सिपॅरमवर (हिवतापाचा जीवघेणा प्रकार) क्लोरोक्विन ही जुनी गोळी चालत नाही. डॉक्सिसायक्लिन निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यायची, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस. मुलीचा डोस तिच्या वजनावर ठरेल. घरी आल्यावर बरं वाटतंय म्हणून गोळ्या मध्येच सोडतात, आणि आजार नेमका त्यानंतर डोकं वर काढतो.

मेमध्ये गेलात तर परत आल्यावर मुंबईत पाऊस सुरू होईल. तेव्हा ताप आला की डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू आणि लेप्टो येतो. परतल्यापासून तीन महिन्यांत कधीही ताप आला तर ‘आफ्रिकेहून आलोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि हिवतापासाठी रक्ताची तपासणी त्याच दिवशी करा. ती निगेटिव्ह आली तरी १२ ते २४ तासांनी पुन्हा करा.