टूर राहू दे, नववीचं वेळापत्रक बघा
वर कुणीतरी म्हटलंय की युनिव्हर्सिटी आणि काउंटीचं (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाच्या शिक्षण ऑफिसचं) सहकार्य म्हणजे नुसत्या कॅम्पस टूर. कॅलिफोर्नियाबद्दल तरी मला हे अजिबात पटत नाही. यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) ईएओपी, म्हणजे शाळेतल्या मुलांना कॉलेजसाठी तयार करणारा कार्यक्रम, १९७६ पासून आहे आणि खरं काम नववीतच सुरू होतं, कारण यूसीच्या प्रवेशाला ए-जीचे, म्हणजे ठरवून दिलेल्या विषयगटांचे, वर्षभराचे १५ कोर्स लागतात, तेही सी किंवा वरच्या ग्रेडने, त्यातले ११ बारावी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे सुरुवातीला गणिताचा कोर्स चुकीचा निवडला की मूल मागे पडतं आणि ज्या घरातून आधी कुणी कॉलेजला गेलेलंच नाही तिथे हे सांगणार कोण? शाळा चालवतात स्कूल डिस्ट्रिक्ट (स्थानिक शाळा-मंडळं), पण लहान डिस्ट्रिक्टना काउंटी ऑफिसचाच आधार असतो, अशी ५८ ऑफिसं आहेत. समुपदेशकांचं ट्रेनिंग तिथूनच व्हावं असं मला मनापासून वाटतं.