मालेराव, मामाची पोर आणि स्पेनचा राजा

तळोदेकर: काल धुळेकरांनी लिहिलं, ‘नात्यातल्या लग्नांनी स्पेनचं राजघराणं बुडालं. खान्देशात मामाची पोर करणारे त्याच वाटेनं चाललेत. मल्हारराव होळकरांनी मामाची मुलगी केली, म्हणून नातू मालेराव वेडसर निघाला.’ स्पेनचं मान्य. शेवटचं वाक्य वाचून मात्र रात्री झोप लागली नाही. मी तळोद्याचा आहे.

वडील गेल्यावर मल्हारराव आईबरोबर तळोद्याला आले, मामा भोजराज बारगळांकडे. मामांच्याच मुलीशी, गौतमाबाईंशी, त्यांचं लग्न झालं. पण त्या जोडप्याचं पोर म्हणजे खंडेराव, जे 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफगोळा लागून पडले. मालेराव त्यांचे चिरंजीव, आणि मालेरावांची आई अहिल्याबाई चौंडीच्या शिंद्यांची लेक, परघरातून आलेली. हा दोष लागतो तो आईबापच एकमेकांचे नातलग असले तर. आजी-आजोबांचं नातं असून बाहेरची सून आली, की हिशेब पुन्हा शून्यावर येतो.

आता स्पेन. त्या घराण्याचा शेवटचा राजा दुसरा चार्ल्स. त्याची आई मारियाना ही त्याच्या बापाच्या, चौथ्या फिलिपच्या, सख्ख्या बहिणीची मुलगी. तिचं आधी फिलिपच्या मुलाशी ठरलं होतं. तो 1646 मध्ये वारला, तर 1649 मध्ये बापच बोहल्यावर चढला! त्या घराण्यातल्या राजांच्या 11 लग्नांपैकी 9 नात्यात झाली, जवळपास दोनशे वर्षांत. चार्ल्सचा आंतरप्रजनन गुणांक, म्हणजे एकाच पूर्वजाचं तेच जनुक आई आणि बाप दोघांकडून येण्याची शक्यता, 0.254 निघतो. सख्ख्या भावाबहिणीच्या पोराचा 0.25 असतो, आते-मामे भावंडांच्या पोराचा 0.0625. ही दोन्ही एका तागडीत घालू नका.

धुळेकर: चार्ल्सची जीभ एवढी मोठी होती की बोललेलं कळायचं नाही. दोन लग्नं करून मूल नाही, 38 व्या वर्षी गेला आणि गादीसाठी सगळा युरोप लढला. व्हिक्टोरिया राणीच्या वंशात रक्त न थांबण्याचा आजार, रशियाच्या राजपुत्रापर्यंत पोहोचला. अजून किती पुरावे हवेत?

तळोदेकर: तो आजार आईच्या एक्स गुणसूत्रावरून मुलाला येतो. बाप नात्यातला असो की परका, त्यानं मुलाच्या बाबतीत काही बदलत नाही. पुरावा देताना आधी तपासत जा.

केळीबाग, रावेर: गणित झालं असेल तर माझं ऐका. माझी मोठी बहीण आत्याच्या घरी दिली. आजी आनंदानं म्हणाली, ‘घरनी पोर घरमाच ऱ्हायनी.’ पहिला मुलगा सव्वा वर्षाचा असताना आजीनंच त्याच्या पाठीमागे पितळी परात ओट्यावर आपटली. पोर भाकरीचा तुकडा चोखत बसलं होतं. मान वळली नाही. आजीनं दुसऱ्यांदा आपटली, मग परात तिथेच टाकून आत गेली. दुसरी मुलगीही तशीच. तुमचं 0.0625 बहिणीच्या घरात दोनदा आलं, भाऊ.

वावरवाला: खरं कारण कोणी बोलत नाही. वावर! युरोपातल्या राजांनी राज्य घरात ठेवायला भाच्या केल्या, आपल्याकडे सहा एकर वाचवायला भाचा जावई केला. देणंघेणंही कमी. आणि आता तीच मामाची पोर म्हणते, पुण्यात नोकरी असलेला पाहिजे. माझा मुलगा 34 वर्षांचा, बारा एकर बागायत, दोन विहिरी, दारात ट्रॅक्टर. चौदा ठिकाणी जाऊन आलो. सख्ख्या मामानं बसायला पाट दिला आणि विषय बदलला.

धुळेकर: मुलींनी जन्मभर शेण काढावं असं म्हणणं आहे का?

वावरवाला: शेण काढून तुमच्या ताटात दूध येतं! माझ्या आईनं काढलं, बायकोनं काढलं. त्यांच्या हाताला कमी लेखू नका.

केळीबाग, रावेर: बायकोच्या हाताचा मान आहे, तर सात-बाऱ्यावर तिचं नाव आहे का?

वावरवाला: नाही. लावणार आहे.

बुऱ्हाणपूरकर: वावरावरून भांडताय म्हणून सांगतो. आपल्या खान्देशच्या फारुकी सुलतानांनी गुजरातच्या सुलतानांशी सोयरिकी केल्या. 1537 मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशाह मारला गेला, मागे मुलगा नाही, तेव्हा गुजरातची गादी त्याच्या भाच्याकडे आली, खान्देशच्या मीरान मुहम्मदशाहाकडे. गादीवर बसायला निघाला आणि वाटेतच वारला. मामाच्या घरचं असं मिळतं.

तळोदेकर: ताई, तुमचं वाचून उत्तर द्यायला दोन दिवस लागले. साध्या जोडप्यात जन्मजात व्यंगाचा धोका शंभरात तीनच्या आसपास, सख्ख्या आते-मामे भावंडांत सहाच्या आसपास. शंभरातली चौऱ्याण्णव पोरं धडधाकट असतात, हे मी छातीठोक सांगत आलो. उरलेली सहा कोणाच्या तरी ओट्यावर असतात, हे मी धरलं नव्हतं. हिंदू विवाह कायद्यात अशा लग्नाच्या रूढीला सूट आहे, 1955 पासून. पण घरात आधीच असं मूल असेल तर रूढीच्या आधी डॉक्टरला विचारावं, एवढं मान्य.

केळीबाग, रावेर: आत्याच्याच घरातून या दिवाळीला माझ्या मुलीला मागणी आली, नातवासाठी. आई ‘हो’ म्हण म्हणते. तुम्ही काय म्हणाला असता?

तळोदेकर: नाही म्हणालो असतो. पण धुळेकर, मालेरावांचं वाक्य मागे घ्या.

धुळेकर: घेतलं. तेवढंच.