‘एक्स्ट्रॅक्ट’ला अर्क म्हणावं का? (चर्चा; ओळीच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप: एका शोधनिबंधाचा गोषवारा मराठीत करायचा आहे. विषय: तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर तुळस, हळद आणि आवळ्याच्या एक्स्ट्रॅक्टचा अँटिऑक्सिडंट परिणाम. सगळीकडे ‘अर्क’ लिहिलं होतं, तपासणाऱ्या वैद्यांनी सगळीकडे खोडलं. का?

द्रव्यगुण: बरोबरच खोडलं. अर्क म्हणजे वाफ धरून गार केलेला. तुळशीचा तसा काढलात तर वाफेबरोबर उडणारं युजेनॉल येईल, न उडणारं रोझमॅरिनिक आम्ल भांड्यातच राहील. काढा वेगळा: १ भाग भरड, १६ भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा. त्यात आवळ्याचे टॅनिन (तुरट द्रव्यं) उतरतात; हळदीचं पिवळं द्रव्य कर्क्युमिन जवळजवळ नाहीच, ते पाण्यात विरघळत नाही. निबंधात कशात काढलंय?

तळटीप: १० ग्रॅम पूड, १०० मिली ७० टक्के इथेनॉल (अल्कोहोल), २४ तास हलवत ठेवून गाळलं, मग ४५ अंशांवर निर्वातात आटवलं.

द्रव्यगुण: मग ‘घन’ म्हणा, आटवून उरतो तो. ‘सत्त्व’ अजिबात नको. गुळवेलसत्त्व म्हणजे पाण्याच्या तळाशी बसलेला स्टार्च.

रुईचं पान: अर्क मुळात अरबी, ‘घाम’. संस्कृतातला अर्क निराळा: सूर्य, आणि रुईसुद्धा. पण व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमध्येच निघतो ना? लोकांनी अर्थ कधीच रुंदावलाय. वैद्यांच्या सोवळ्यात मराठी कशाला बसवायची?

पेट्रीडिश: शब्द राहू द्या, मोजलं कसं ते बघा. डीपीपीएच (रंग बदलण्यावरून अँटिऑक्सिडंट जोर मोजायची चाचणी) असेल तर अंधारात ३० मिनिटं, ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजणी, जांभळ्याचा पिवळा. त्यात पेशी नसतातच, तेव्हा ‘पेशींवर परिणाम’ म्हणणं चूक. पुढे एमटीटी (जिवंत पेशी जांभळ्या रंगावरून मोजायची चाचणी) केली असेल तर आणखी घोळ: पॉलिफेनॉल (वनस्पतींतली टॅनिनसारखी द्रव्यं) एमटीटीला स्वतःच क्षपित करतात, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन रंग आणतात; पेशी मेल्या तरी जांभळं दिसतं. पेशीविना नुसता घन आणि एमटीटी असा कोरा नमुना लावलाय का? आणि पेशी कुठल्या?

तळटीप: केबी नावाच्या, तोंडाच्या म्हणून. कोऱ्या नमुन्याचा उल्लेख नाही.

पेट्रीडिश: संपलं! केबी तोंडाच्या नव्हेतच, हेलाची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींची, भेसळ निघाली त्यांत.

शुद्धमती: अँटिऑक्सिडंटला ‘प्रतिऑक्सिडीकारक’ शब्द असताना तो कोणी का वापरत नाही?

पेट्रीडिश: कारण ‘प्रति’ ठामपणे म्हणता येत नाही. सुपारीचा एक्स्ट्रॅक्टही डीपीपीएचमध्ये झकास उतरतो, कॅटेचिन हे पॉलिफेनॉल भरपूर. चुना लागला, सामू (पीएच) चढला, की तेच पॉलिफेनॉल हवेने ऑक्सिडित होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात. सुपारी आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या) गट १ मध्ये आहे, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध.

शुद्धमती: ‘ऑक्सिडित’ नव्हे, ‘ऑक्सिडीकृत’.

रुईचं पान: कॅटेचिन हे नाव काताच्या लॅटिन नावावरून आलंय बरं का. आणि कात म्हणजे तरी काय, खैराच्या गाभ्याचा काढा आटवून केलेला घनच की.

द्रव्यगुण: काढा आटवून दाट केला की रसक्रिया म्हणायचं.

तळटीप: मग इथेनॉलमधून आटवलेलं तेही रसक्रियाच का?