कोयलीचा वायू गंधारच्या पोटात: करावं की नाही?

रावपुरा_अभियंता (धागाकर्ता): कोयली रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड भरूच जिल्ह्यातल्या गंधार तेलक्षेत्रात जमिनीखाली सोडायचा, म्हणजे तेलही जास्त निघेल आणि वायूही पुरला जाईल, असा सामंजस्य करार इंडियन ऑइल आणि ओएनजीसीने २०१९ मध्ये केला. आपण बडोदेकर त्या चिमण्या रोज बघतो, बोलत मात्र कोणी नाही. माझं मत, करावंच. ३१ अंश तापमान आणि सुमारे ७४ बार दाबाच्या पुढे हा ना धड वायू, ना धड द्रव. तेलात मुरतो, तेल फुगतं, पातळ होतं, वाहू लागतं. टेक्ससमध्ये १९७२ पासून चालू आहे.

मांडवीवाली: टेक्ससचं अर्धंच सांगितलंत, काका. तिथला बहुतेक वायू नैसर्गिक भूसाठ्यांतूनच उपसलेला. इकडून काढला, तिकडे पुरला! शिवाय एक पिंप तेल जाळलं की साधारण ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो कोणाच्या खात्यावर?

रावपुरा_अभियंता: कॅनडातलं वेबर्न तेलक्षेत्र बघ. २००० पासून नॉर्थ डकोटातल्या कारखान्याचा वायू नळाने तिथे जातो. आणि आपण तेल काढलं नाही तर लोक स्कूटर ढकलत नेणार आहेत का? आयातच वाढेल.

निवृत्त_तेलवाला: तुम्ही दोघं गंधारवर भांडताय, पण तो वाळूखडक. मागच्या धाग्यात टाइट ऑइलचा, म्हणजे घट्ट खडकात अडकलेल्या तेलाचा, विषय निघाला होता, ते प्रकरण निराळं. त्या घट्ट खडकात पाणी शिरत नाही, वायू शिरतो, पण एका विहिरीतून दुसरीपर्यंत पोचणं कठीण. मधे भेगा असल्या तर तेलाला वळसा घालून पळतो. म्हणून हफ-अँड-पफ करतात: वायू भरा, विहीर बंद ठेवा, मुरू द्या, मग त्याच तोंडातून तेल काढा. पण तेलाबरोबर बराच वायूही परत येतो. तेल वाढेल हो, साठवणुकीच्या गप्पा मात्र जपून मारा.

रावपुरा_अभियंता: परत आलेला पुन्हा भरतात, साहेब. पैसे मोजून घेतलेला वायू कोण सोडेल?

मांडवीवाली: तिथेच तर मेख आहे! पैसे मोजलेत म्हणून ते कमीत कमी वायूत जास्तीत जास्त तेल बघणार. पुरायचाच असेल तर उलट हवं. कोळशाच्या वीजकेंद्रातला वायू पकडून तेलक्षेत्रात धाडणारा टेक्ससचा पेट्रा नोव्हा प्रकल्प २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच बंद पडला, २०२३ मध्ये परत चालू झाला. त्याच २०२० मध्ये मिसिसिपीत असा नळ फुटला, चाळीसहून जास्त लोक रुग्णालयात. कोयली ते गंधार वाटेवरच्या गावांना कोणी विचारलंय?

निवृत्त_तेलवाला: नळ तरी डोळ्यांना दिसतो. गंधार ज्यात येतं त्या खंबातच्या खोऱ्यात १९५८ पासून तेल सापडतंय, विहिरींची चाळण झालीय. पाण्यात मिसळलेला हा वायू आम्ल होतो आणि विहिरींचं सिमेंट खातो. एकही टन भरण्याआधी मी त्या भागातल्या सोडून दिलेल्या विहिरींची यादी मागेन.